काकांची रंगीत तालीम

रंगीत तालमीशिवाय आमच्या समोरच्या काकांनी आयुष्यात एकच गोष्ट केली, ती म्हणजे जन्म घेतला. आणि तोही जरा घाईगडबडीतच झाला, अशी त्यांची तक्रार आहे. नागपूरला जायचं असलं की आदल्या दिवशी सगळ्या बॅगा गाडीत घालून ते विमानतळापर्यंत जायचे आणि परत यायचे. शनिवारी पाहुणे येणार असले की शुक्रवारी तोच स्वयंपाक, त्याच खुर्च्या, आणि पाहुण्यांच्या जागी मी. पुण्याहून अमेरिकेत हर्नडनला नवीनच आलो होतो, एकटा होतो, त्यामुळे या तालमींवर माझं मस्त चाललं होतं. एकदा विचारलं, "काका, उद्याही येऊ का?" तर म्हणाले, "अरे बाप्पा, तुझा रोल तर झाला ना!"

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीने, ऋचाने, दुसऱ्या वर्षानंतर जाहीर केलं की कॉलेज सोडून आपल्याला इलेक्ट्रिशियनकडे अप्रेंटिस व्हायचंय. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. काका ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तालीम केली का?" मग ठरलं, उन्हाळाभर गावातल्याच एका इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली काम करून बघायचं, आणि मगच कॉलेज सोडायचं की नाही ते ठरवायचं. मला बाजूला घेऊन काका म्हणाले, "आठवडाभरात पळून येते, बघ तू." कसली पळतेय! रोज संध्याकाळी धुळीने माखून यायची आणि जेवता जेवता वायरिंगबद्दल बोलत सुटायची, निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. काकांचा घास हातातच राहायचा. एके दिवशी ती हात धुवायला उठली तेव्हा ते हळूच म्हणाले, "कॉलेजबद्दल दोन वर्षांत इतकं बोलली नाही रे पोरगी."

ऑगस्टमध्ये तिला दोन तासांवरच्या रिचमंडला अप्रेंटिसशिप मिळाली. "बाबा, आय रिअली वॉन्ट धिस. जाऊ ना?" काका हो म्हणाले खरे, पण नागपूरला आईला कसं सांगायचं? झाली तालीम सुरू. मी आजी झालो. सोफ्यावर बसून मी कापऱ्या आवाजात "हॅलो" म्हणायचं आणि काकांनी घसा खाकरून "आई, आपली ऋचा..." इथपर्यंत येऊन पाणी प्यायचं. मी कधी रागावलो, कधी रडलो, एकदा तर बेशुद्धही पडलो, सगळी तयारी नको का व्हायला! शेवटी कॉलिंग कार्डावरून खरा फोन लागला. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं जेवायचं काय करेल ती?" या प्रश्नाची तालीम आम्ही केलीच नव्हती. काका नुसते "हो, हो" करत राहिले.

निघण्याच्या आदल्या दिवशी अर्थातच रंगीत तालीम झाली. सगळं सामान गाडीत भरून बापलेक रिचमंडला गेले, नवी खोली बघितली, पार्किंगमध्ये बसून काकूंचा डबा खाल्ला आणि सामानासकट घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऋचा एकटीच गाडी घेऊन निघाली. मी ऑफिसला जायला बाहेर पडलो, तर काका अजून ड्राइव्हवेमध्येच उभे. गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती. मी उगाच हसत विचारलं, "काय काका, सगळं तालमीसारखंच झालं ना?"

"झालं ना," ते म्हणाले. "पण काल ती माझ्यासोबत परत आली होती रे."