खळ लावलेले जाळे

लिहावे की नाही, हे ठरवण्यातच माझे काही आठवडे गेले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नाही, आणि कॉलेजात मी जे काही लिहिले ते बहुतेक स्कोअरबुकात. नरसय्याविषयी लिहिण्याचा पहिला हक्क संघातल्या खेळाडूंचा. पण त्यांनी लिहिलेले कुठे दिसले नाही... तेव्हा माझे धाडस वाचकांनी पोटात घालावे.

तो विषमज्वराने गेला, हे त्याच्या धाकट्या भावाच्या कार्डावरून मला पुण्याच्या वसतिगृहात कळले. कार्डाच्या तळाशी एक ओळ होती. 'दादा शेवटी म्हणाला, शिवाला कळवा, जाळं काढू देऊ नका.' ती ओळ मी कितीदा वाचली कोण जाणे. तिचा अर्थ माझ्याशिवाय कोणाला लागण्यासारखा नव्हता.

मी अक्कलकोटकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. तो सोलापूरच्या विणकराचा. घरात माग, घरची भाषा तेलुगू. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात तो सर्वांत उंच होता. मला धावणे जमेना, म्हणून माझ्याकडे स्कोअरबुक आले. त्या हंगामात आम्ही एकेक कॉलेज मागे टाकत गेलो. चेंडू त्याच्या हातात आला की समोरची मुले ओरडत, 'धोटा आला रे, धोटा!' मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. नरसय्या नुसता हसायचा. एकदा म्हणाला, "वरडू दे की. धोटा थांबला तर ह्यांच्या अंगावर कापड कुटलं?"

त्या साली पुण्यात प्लेगची साथ आली आणि हंगामाचा शेवटचा सामना सोलापूरच्या एका शाळेच्या मैदानावर ठरला. तिथल्या बास्केटच्या एका कड्याचे जाळे फाटलेले होते. सोलापुरात फाटके जाळे लावून खेळलो तर आई घरात घेणार नाही, असे म्हणून नरसय्याने घरच्या सुताचे नवे जाळे गाठवले. आणि तिथेच चूक झाली. विणकराच्या घरात सुताला तांदळाची खळ लावल्याशिवाय ते मागावर चढत नाही. हाताच्या सवयीने त्याने जाळ्यालाही खळ लावली. सामन्याच्या दुपारी ते ओलेच कड्याला बांधले. सुरुवातीला चेंडू नीट खाली पडत होता. पण सोलापूरचे ऊन ते! सामना संपत आला तोवर जाळे पत्र्यासारखे ताठ झाले होते.

आम्ही एका गुणाने मागे होतो. नरसय्याने लांबून चेंडू टाकला. तो कड्यातून आत गेला आणि जाळ्यात बसून राहिला. मी स्कोअरबुकात दोन गुणांचा गोल लिहिला. सामना संपल्याची शिट्टी झाली. पंच माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, खाली पडला नाही तो गोल कसला, खोडा. मी खोडला... माझी फी माफ होती आणि ती माफी देणारे प्रोफेसर 'वाद नको' म्हणत पंचांच्या शेजारीच उभे होते. आमच्या कप्तानाने हसून हात मिळवले. नरसय्या मात्र कड्याखालून हलेना.

"खळ लावली ही माझी चूक हाय," तो पंचांना म्हणाला. "पण गोल खरा हाय."

पंचांशी वाद घातल्याबद्दल लेखी माफी माग, असे त्याला सांगण्यात आले. त्याने मागितली नाही. संघातून नाव गेले. हंगामाच्या फोटोतही तो नाही. कोणी जाळे धुऊन मऊ करायला निघाले, तेव्हा त्याने अडवले. ते पुरावा आहे, निकाल लागेपर्यंत तसेच राहील, म्हणाला. शाळेच्या मास्तरांना त्याचा हट्ट आवडला असावा, कारण ते तसेच राहिले.

मग त्याने नियम ठरवणाऱ्या मंडळाला मद्रासला पत्र घातले. त्याचे इंग्रजी मीच दुरुस्त केले. उत्तर आले की गुण लिहिणाऱ्याचा सही केलेला जबाब पाठवा. तो कागद घेऊन माझ्या खोलीत आला. मी म्हणालो, परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली, मी म्हणालो, पुढच्या वर्षीच्या फी-माफीचा अर्ज मंजूर होऊ दे. तो रागावला असता तर बरे झाले असते. त्याने कागद घडी करून माझ्या पुस्तकात ठेवला.

"भ्या वाटतंय व्हय, शिवा? वाटू दे. पर तू लिवलं व्हतंस. मी बघितलं."

त्याच्या भावाचे कार्ड आले त्या दिवशी मी त्या कागदावर सही केली आणि तो मद्रासला पाठवला. मी गोल लिहिला होता आणि भीतीने खोडला, असे स्वच्छ लिहिले. तेच इथे पूर्ण शुद्धीवर पुन्हा लिहितो. फीची माफी जायची असेल तर जावो. स्कोअरबुकातली ती ओळ मी शाईने पुन्हा लिहिली आहे आणि खाली माझे नाव घातले आहे. ज्याला खोडायची असेल त्याने आपल्या हाताने खोडावी आणि खाली आपले नाव लिहावे.

परवा सोलापुरास गेलो. आधी मैदानावर गेलो. जाळे काळवंडले आहे, पण बोटांनी दाबले तर अजून ताठ लागते. मग त्याच्या घरी. वडील मागावर होते. नरसय्याच्या नावाने मद्रासहून आलेला लखोटा त्यांनी न फोडता माझ्यासाठी ठेवला होता. मी उभ्यानेच वाचला. धोटा इकडून तिकडे पळत होता... मग थांबला.

"काय लिवलंय, बाळ?"

"गोल धरला, काका. सामना आपण जिंकलो."