गारव्याचा आकडा

भगीरथ हा मुरबाडचा फ्रिजमेकॅनिक. मोतीबिंदूमुळे मीटरवरचे आकडे दिसेनासे झाले, तेव्हापासून बायको भिमी त्याच्यासोबत कामाला जाऊ लागली. तो हातानं काम करी, ती आकडे वाचून सांगे.

शहापूरला प्रेमाबाईच्या दुधाच्या दुकानात फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बर्फाचा थर साचला होता आणि खाली दही आंबत होतं. आतला बर्फ वितळवणारा हीटर ज्याच्या इशाऱ्यावर चालू होतो, त्या सेन्सरवर भगीरथचा संशय होता. त्यानं सेन्सर काढून विजेचा रोध दाखवणाऱ्या मीटरला जोडला आणि बर्फाच्या पाण्यात बुडवला.

"आकडा चढतो का गो?"

"नाय. हाय तिथंच हाय."

"नीट बघ. गार झाल्यावर चढायला पायजे."

त्यानं न सांगताच भिमीनं पिशवीतला नवा सेन्सर मीटरला लावून त्याच पाण्यात सोडला. "याचा चढतोय बघा. जुनाच मेलाय."

भगीरथ हसला आणि नवा बसवू लागला.

चहा देताना प्रेमाबाईनं विचारलं, "भाऊ, डोळ्याचं ऑपरेशन कधी?"

"दिवाळीनंतर."

एसटी स्टँडवर भिमी हळूच म्हणाली, "ऑपरेशन झालं की मग मी घरीच बसायचं ना?"

"घरी कशाला? मी परत मोटरसायकल चालवीन, तू मागं बस. मीटर तुझ्याचकडं राहू दे."

एसटी सुटल्यावर तिनं विचारलं, "फ्रिजचा पंखा कसा तपासतात वो?" मुरबाड येईपर्यंत भगीरथ तिला सांगत राहिला.