शुक्रवारी विझवलेली आग

आमच्या गल्लीत आग लागली तर बंब आत येणार का, एवढाच माझा प्रश्न होता. पत्रकांतून तो मी इतक्या वेळा विचारला होता की अग्निशमन केंद्रातले जवान मला बघितलं की आत हाक द्यायचे, "साहेब, पत्रकवाल्या ताई आल्या!"

हसायचे ते, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. भिवंडीतली गल्ली. दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने, हवेत रुई, डोक्यावर लोंबणाऱ्या वायरी, आणि गल्लीच्या अगदी टोकाला आईची बिस्सी. बिस्सी म्हणजे लूम कामगारांची महिनेवारी खानावळ. सकाळपासून तिथे कोळशाच्या भट्ट्या धगधगत असायच्या. वरच्या माळ्यावर रातपाळीचे कामगार दिवसा झोपायचे. उतरायला एकच लोखंडी शिडी. शेजारच्या गल्लीत एकदा कारखान्यातल्या रुईनं पेट घेतला आणि लोकांनी ती आग बादल्यांनी विझवली. तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागला. "एवढी पोरं वर निजलेली असतात," ती म्हणायची, "आन् जाळ माझ्या हातात."

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. शहर फुगत होतं. कशेळीच्या बाजूला शेतं बुजवून गोदामं उठत होती, आत काय साठवलंय ते कुणी धड सांगत नव्हतं. अशात वरून आदेश आला. प्रत्येक सरकारी कार्यालयानं पुढच्या काळातल्या संकटांची तयारी करावी, रंगीत तालीम घ्यावी, अहवाल पाठवावा. केंद्राच्या साहेबांनी तालमीसाठी आमची गल्ली निवडली. मला वाटलं, जिंकलो.

तालीम शुक्रवारी झाली.

भिवंडीबाहेरच्या माणसाला यात काय बिघडलं ते कळायचं नाही. शुक्रवारी लूम बंद असतात. एरवी शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, त्या गल्लीत शुक्रवारी नळाची धार ऐकू येते. हातगाड्या नाहीत, टेम्पो नाहीत, सूत गुंडाळलेले जाडजूड बीम दारात उभे नाहीत, ओट्यावर कापडाचे तागे नाहीत. बंब घंटा घणघणत थेट बिस्सीपर्यंत आला. जवानांनी पत्र्याच्या डब्यात पेटवलेल्या चिंध्या विझवल्या. टाळ्या झाल्या, चहा झाला. गल्लीच्या तोंडाशी कारखाना असलेले कोकणी मुसलमान शेठ, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो, त्यांनी साहेबांना हार घातला.

मी घरी गेले आणि सायक्लोस्टाइलसाठी स्टेन्सिल कापली. 'आग काय सुट्टीचा वार बघून लागते?' पत्रकं वाटली आणि एक साहेबांच्या टेबलावर आपटलं.

साहेब निवृत्तीला आलेले, जाड भिंगांचा चष्मा लावणारे. त्यांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"भाषा झकास आहे," ते म्हणाले. "फक्त 'झोपलेलं प्रशासन' तेवढं काढा. आमच्याकडे झोपायला माणसं कुठायत? निम्म्या जागा भरलेल्याच नाहीत."

"विषय बदलू नका साहेब. शुक्रवार का धरला?"

"शुक्रवारी बंब आत जातो म्हणून."

इतकं सरळ उत्तर मी धरून चालले नव्हते. त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. "बसा. कामाच्या दिवशी तालीम घेतली असती तर बंब अडकला असता. मग मी वर लिहायचं, तालीम फसली. ते विचारणार नाहीत की तुम्हाला काय कमी पडलं. विचारतील, जबाबदार कोण. माझ्या सबंध नोकरीत फसलेल्या तालमीचा अहवाल कुणी पाठवलेला मी पाहिला नाही. म्हणून कागदावर सगळी खाती तयार आहेत."

"आणि माळ्यावरची माणसं? ती पण कागदावर वाचणार का?"

साहेबांनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. मी उठून आले. चीड अजून गेलेली नाही, पण ती आता साहेबांवर नाही. कार्यालयाला सांगायचं, उद्यासाठी तयार राहा. आणि त्यानं आज काय जमत नाही ते कबूल केलं की त्याचंच मानगूट धरायचं. असल्या कारभारात कुणीही शुक्रवारच निवडेल.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी, भर दुपारी, घंटा वाजली. कुणालाही कळवलेलं नव्हतं. मी बिस्सीत वाढत होते, तशीच पळत बाहेर आले. बंब गल्लीच्या तोंडालाच थांबला होता, साहेब खाली उतरले होते. समोर बीम लादलेली हातगाडी, बाजूला चाचांचा रस्त्यात पुढे आलेला ओटा आणि त्यावर तागे.

"हटाव, हटाव!" जवान ओरडत होते.

"किधर हटाऊँ? सर पे रखूँ क्या?" हातगाडीवाला तेवढ्याच जोरात ओरडला.

चाचा बाहेर आले. "साहेब, परवाच तर झाली तालीम. आज परत काय काढलंव?"

"परवाची खोटी होती, चाचा. आजची खरी."

"मंग माझ्या ओट्याकडं काय बघताव? बापाच्या वक्ताचा हाय तो!"

जवानांनी बंब तिथंच सोडला आणि पाण्याच्या होजची भेंडोळी खांद्यावर घेऊन धावत सुटले. एकाला एक जोडत आले. कामगारांनी भराभर वाट करून दिली, लूम थांबले. आणि होज संपली. बिस्सी अजून लांब होती. पुढच्या जवानानं पाणी सोडलं, धार गल्लीच्या मधेच पडली. माळ्यावरून झोपमोड झालेले चेहरे खाली बघत होते. आई दाराला धरून उभी होती. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

साहेबांनी अहवालात लिहिलं, पोहोचू शकलो नाही. काय हवं तेही लिहिलं. वरून होज आली नाही, नोटीस आली. खुलासा करा.

मी आयुष्यात पहिल्यांदा एका सरकारी माणसाच्या बाजूनं पत्रक लिहायला बसले. आई म्हणाली, "कागद नंतर वाट. आधी माणसं घेऊन चल." आम्ही वरच्या कार्यालयात गेलो, आई, मी, रातपाळीचे कामगार आणि चाचा. चाचांनी ओट्याचा कोपरा आदल्याच दिवशी फोडून घेतला होता. का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "वर निजतात ती पोरं माझ्याच लूमवर हायेत ना." तिथल्या अधिकाऱ्याला त्यांनी सरळ सुनावलं, "साहेबांनी खोटं केलं तवा मी हार घातला. खरं लिवलं तर तुमी नोटीस देताव. आपण दोघंबी येडं हाव काय?"

नोटिशीचं पुढं काय झालं ते साहेबांनी कधी सांगितलं नाही. पण त्यांच्या निवृत्तीच्या आधी जादा होज केंद्रात आल्या, आणि पुन्हा तालीम झाली. कामाच्या दिवशी, गल्ली खच्चून भरलेली असताना. बंब चाचांच्या ओट्यापुढे थोडा सरकला आणि थांबलाच. पण होज पुढे पुढे येत राहिली. पायरी चढली, बिस्सीत शिरली. जवानाला इतका आनंद झाला की त्यानं पाणी सोडलंच. पेटती भट्टी विझली, डाळीत राख गेली, परातीतलं पीठ वाहून गेलं.

"अरे मेल्यांनो, आता शिफ्ट सुटंल! पोरांना काय जेवाया घालू, तुमची होज?" आईचा आवाज चालत्या लूमपेक्षा मोठा होता. मग तिनं कोपऱ्यातलं कांद्यांचं पोतं ओढलं आणि दारात उभ्या साहेबांकडे वळली. "तुमी काय बघत उभे राहिलाव? बसा. कांदे सोला."

साहेबांनी बूट काढले आणि बसले.