बयूमीचं हसरं वळण

तंता शहरातल्या आमच्या गल्लीत बयूमीच्या ब्रशाशिवाय पाटी नव्हती. माझ्या उसाच्या रसाच्या दुकानावरची अक्षरंही त्याचीच. पोट सुटलेली, एकमेकांना कोपरखळ्या मारणारी, टिंबं फुटाण्यासारखी वर उडालेली. गिऱ्हाईक आधी हसायचं, मग त्याला तहान लागायची. पण हे वळण रस, मिठाई, खेळणी, लग्न एवढ्यापुरतंच. मयताची खबर द्यायला गल्लीत टांगतात त्या कापडावर बयूमीची अक्षरं खाली मान घालून उभी राहायची.

मग गल्लीतल्याच हाज रिज़्कचा पोरगा वग्दी कैरोहून शिकून आला. त्यानं पाट्यांचे फोटो काढले, बयूमीचं हसरं वळण कंप्युटरात भरून त्याचा फॉन्ट केला, वर स्वतःचं नाव चिकटवलं आणि छापखाना टाकला. वर्षभरात बयूमीचे ब्रश वाळले. एकदा माझ्या दुकानात त्यानं वग्दीला हटकलं, तर पोरगा म्हणतो, "उस्ताद, ही अक्षरं आता माझी. तुम्ही आराम करा."

बयूमी रसाचे पैसे ठेवून निघून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी हाज रिज़्क वारले. त्यांची बायको हटून बसली: माझ्या माणसाच्या नावाला छापील प्लास्टिक नको, हातानं लिहिलेलं कापड पाहिजे. वग्दी मुकाट बयूमीकडे गेला.

"लिहितो की," बयूमी म्हणाला. "तुम्ही माती देऊन या, तोवर टांगून ठेवतो."

माणसं कबरस्तानातून परतली तेव्हा विजेच्या दोन खांबांच्या टोकांना पांढरं कापड फडफडत होतं, आणि त्यावर हाजचं नाव ढेरी हलवत नाचत होतं. शेजारी पाहुणी आलेली एक अडाणी म्हातारी वळण बघूनच लग्न समजली आणि जीभ हलवून तिनं आनंदाची लांब किलकारी सोडली.

वग्दी तडक माझ्या दुकानात आला. बयूमी रस पीत बसलेला.

"उस्ताद, काय केलंत हे?"

"तुझीच अक्षरं वापरली."

"आई आत रडतेय. शिडी द्या." तेवढी उंच शिडी गल्लीत एकट्या बयूमीकडे होती.

"आधी सांग, अक्षरं कुणाची?"

वग्दीनं माझ्याकडे पाहिलं. मी चरकात ऊस घातला.

"तुमची," तो पुटपुटला.

"गल्ली रुंद आहे, लेका. मोठ्यानं सांग."

"तुमची. सगळी तुमची." समोरचा न्हावीसुद्धा वस्तरा थांबवून ऐकत होता.

बयूमीनं तोंड पुसलं. "माझी ना? मग ऐक. मी टांगलेलं मयताचं कापड दुखवट्याचे तीन दिवस सरल्याशिवाय उतरत नाही."

वग्दी गेल्यावर माझ्यानं राहवलं नाही. "अरे, हाजनं तुझं काय वाकडं केलं होतं? रोज सोंगट्या खेळायचात तुम्ही."

"काहीच नाही. हाजसाठी मी सकाळी घरी रडून आलोय," बयूमी म्हणाला. "हे त्याच्या पोरासाठी."