चाकं बाहेर ठेवून उडालेलं विमान

सासूला आपल्या घरी राहायला आणायचं म्हणून वर्षानुवर्षं हट्टाला पेटलेली सून तुम्ही पाहिली नसेल. ती मी. मैत्रिणी म्हणायच्या, बाई गं, सुखाचा जीव दुःखात कशाला घालून राहिलीस? पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला आवडायच्या. त्याला काय इलाज?

त्या राहायच्या लातूर जिल्ह्यात, औशाकडच्या गावी, एकट्या. आम्ही नांदेडला. नवरा बँकेत आणि मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. तेव्हा नांदेडात क्लासचं पीक जोरात होतं. गल्लीगल्लीत डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो लागायचे आणि घरोघरी खोल्या भाड्यानं निघायच्या. आम्हीही त्यातच दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि त्यातली एक खोली आत्याबाईंसाठी ठेवली. भाडेकरू विचारायला आला की मी सांगायची, खोली लागलेली आहे. लागलेली कसली, रिकामीच होती.

लातूरचा तो मोठा भूकंप झाला तेव्हा माझा नवरा नांदेडला अकरावीत शिकत होता, म्हणून वाचला. नणंद आजोळी होती. आत्याबाई त्या पहाटे परसाकडला गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. सासरे घरात झोपले होते, ते दगडामातीच्या भिंतींखाली गेले. पुढे सरकारनं नव्या गावठाणात पक्कं घर दिलं. आत्याबाईंनी त्यात ज्वारीची पोती आणि कडबा भरला आणि स्वतः अंगणातल्या पत्र्याच्या शेडात राहिल्या. गावातल्या कितीतरी लोकांनी असंच केलं होतं, तिथं कुणाला त्याचं नवल नव्हतं.

नवल आम्हाला होतं. आमच्याकडे आल्या तरी त्या दारातच बसायच्या, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. तिथंच जेवायच्या, तिथंच शेंगा सोलायच्या आणि दुपारच्या बसनं परत निघायच्या. स्लॅबखाली त्यांनी कधी डोळा मिटला नाही. दरम्यान त्यांची कंबर गेली. एकदा पाण्याची घागर घेऊन पडल्या आणि कितीतरी वेळ तशाच पडून राहिल्या. त्यानंतर माझ्या जिवाला एकच घोर लागला. या बाईनं आमच्याकडे यावं आणि गादीवर निवांत झोपावं.

नवरा म्हणायचा, आई, झालं ते झालं, आता विसर. मी तर बिल्डिंगच्या इंजिनिअरलाच त्यांच्यापुढे बसवला होता. खांबात सळई किती, सिमेंट किती, सगळं त्याच्याकडून वदवून घेतलं. आत्याबाईंनी त्याला चहा पाजायला सांगितला आणि म्हणाल्या, "बघू." त्यांचं बघू म्हणजे नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मी चिडायची. भांडी आदळायची. एकदा तर मी तोंडावर म्हणाले की तुमची जिद्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यावर त्या हसल्या, म्हणून मी आणखी चिडले.

त्यातच मुंबईला नणंदेला मुलगी झाली. आत्याबाईंना नात बघायची होती, पण रात्रभर रेल्वेत बसणं त्यांच्या कंबरेला झेपणार नव्हतं. नांदेडहून तेव्हा विमान सुरू झालं होतं. मी भीतभीतच विषय काढला. स्लॅबला घाबरणारी बाई विमानात काय बसणार? तर त्या पटकन म्हणाल्या, "चालतंय की. वर पडाया काय हाय? आभाळच." मी आणि नवरा एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

नवऱ्याला सुट्टी मिळेना, म्हणून मी त्यांच्याबरोबर निघाले. मे महिना होता. विमानतळापर्यंतच्या रिक्षात माझी शिकवणी सुरू झाली. आत्याबाई, विमान आधी धावेल, मग नाक वर करेल, कानात दडे बसतील. आणि जमीन सुटली की लगेच खाली खडखड आवाज येईल. भ्यायचं नाही, चाकं आत जातात त्याचा आवाज असतो. मी स्वतः त्याआधी एकदाच विमानात बसले होते, पण रुबाब असा की जणू पायलट आमच्या घरचाच. आत्याबाई "हाव, हाव" करत होत्या.

विमान लहान होतं, पंख्यांचं. पंख वरच्या बाजूला, त्यामुळे आमच्या खिडकीतून चाक चांगलं दिसत होतं. मी त्यांना खिडकीशी बसवलं आणि चाक दाखवून ठेवलं. विमान धावायला लागलं आणि मध्येच गचकन ब्रेक लागून थांबलं. धावपट्टीवर कुत्रं आलं होतं म्हणे. कुत्र्याला हुसकावलं, विमान वळून पुन्हा सुरुवातीला आलं, थोडा वेळ तसंच उभं राहिलं, पुन्हा धावलं आणि उडालं. गोदावरी खाली दिसली. मी कान टवकारून बसले.

खडखड काही येईना.

खिडकीतून वाकून पाहिलं तर चाक तसंच बाहेर लोंबतंय. विमान वर चाललंय, खाली शेतं बारीक होताहेत आणि चाक आपलं बाहेरच. मघाशी ब्रेक मारताना काही मोडलं असेल का? आता हे उतरणार कसं? नणंदेला काय सांगू, नवऱ्याला काय तोंड दाखवू, आणि तोंड दाखवायला उरले तर. मी आत्याबाईंचा हात धरला. म्हटलं त्या भेदरल्या असतील. तर त्यांचा हात कोरडा आणि माझा घामानं चिंब.

"पोरी, चाक भायेरच हाय की," त्या शांतपणे म्हणाल्या.

एवढ्यात पायलटचा आवाज आला. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. तो सांगत होता की जमिनीवर ब्रेक लावावा लागला, त्यात ऊनही फार, त्यामुळे ब्रेक तापलेत. चाकं थोडा वेळ बाहेरच ठेवतोय. वाऱ्यानं गार झाली की आत घेऊ. घाबरण्याचं कारण नाही, घाईही नाही.

मला इतका राग आला स्वतःचा. धावणारी गाडी थांबवली की तिची गती ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते, हे मी दर वर्षी शंभर पोरांना घसा फोडून सांगते. सायकल उतारावरून आणा आणि रिमला हात लावून बघा, हेही सांगते. आणि वेळेवर काही सुचलं म्हणून नाही. मग मात्र माझी टकळी सुरू झाली. आत्याबाईंना म्हटलं, चुलीवरून उतरवलेला तवा तुम्ही लगेच लाकडी फडताळात ठेवाल का? तसंच आहे. आतली जागा बंद, वारा नाही, टायर तिथंच, तेलाच्या नळ्या तिथंच. तापलेलं चाक आत कोंडलं तर पेट घ्यायची भीती. बाहेर राहिलं तर विमान जरा हळू चढतं, तेल जास्त खातं, एवढंच. बर्फाच्या मुलखात म्हणे चाकांना लागलेला चिखल-बर्फ झटकायलाही ती अशी बाहेर ठेवतात. हे मी नंतर वाचलं. तेव्हा तव्यावरच भागवलं.

आत्याबाई खिडकीला कपाळ टेकवून चाकाकडे बघत राहिल्या. थोड्या वेळानं खडखड झाली, चाक वर उचललं गेलं, दार मिटलं आणि विमानाचा आवाजही जरा कमी झाला. मी हुश्श केलं, शेंगदाण्याची पुडी फोडली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली नाही.

"कोन हुता गं तो बोलनारा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पायलट. विमान चालवणारा.

"भला मानूस हाय," त्या म्हणाल्या. "राहू दे म्हनला भायेर. गार झालं की घेऊ." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला आसं कुनीच म्हनलं न्हाई बग. समदे म्हनले, झालं ते झालं, चला आत."

समदे म्हणजे आम्हीच. तो इंजिनिअर, ती भांडी, तो रेघेचा टोमणा, सगळं एकदम आठवलं आणि डोळे भरून आले. मी त्यांचा हात पुन्हा धरला आणि मुंबई येईपर्यंत सोडला नाही. त्यांनीही काढून घेतला नाही.

मुंबईत त्यांनी नातीला मांडीवर घेऊन मनसोक्त न्हाऊ-माखू घातलं. परतल्यावर त्या गावी गेल्या. मी राहा म्हटलं नाही. नवरा म्हणायला लागला तेव्हा त्याला डोळ्यांनी गप्प केलं. पुढे फोनवरही तो विषय काढला नाही. पाऊस झाला, कंबर कशी आहे, शेजारीण कशी आहे, इतकंच. खोलीसाठी भाडेकरू येत राहिले आणि मी त्यांना परत पाठवत राहिले. नवऱ्याला वाटलं, मी नाद सोडला.

थंडीचे दिवस होते. दुपारी क्लास सुटल्यावर घरी आले तर शेजारच्या खाला जिन्यातच भेटल्या. म्हणाल्या, तुमची सास आली, मी चावी दिली. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. आत्याबाई त्यांच्या खोलीत होत्या. गादी त्यांनीच उलगडली होती, अगदी मधोमध, आणि त्यावर कुशीला वळून झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं होतं आणि चांगल्या घोरत होत्या.

नवरा बँकेतून आला आणि "आई" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. आम्ही दोघं भिंतीला टेकून खाली बसलो आणि त्यांचं घोरणं ऐकत राहिलो.