काचेतलं पाणी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. वडील मलकपेठच्या बाजारात कांद्याच्या गोण्या वाहायचे. मी आधी पॉलिटेक्निक केलं, मग इंजिनियरिंग, आणि शहराबाहेरच्या एका औषधाच्या कारखान्यात बॉयलर विभागाची प्रमुख झाले. माझा पहिला लेख छापून आला तेव्हा वडिलांनी तो लॅमिनेट करून देवाच्या फोटोशेजारी लावला. त्यांना इंग्रजी येत नाही. म्हणाले, "तुझा फोटो वाचता येतो ना, तेवढं पुरे."

लेख होता बॉयलरच्या काचेबद्दल. बॉयलरच्या आत पाणी किती आहे हे बाहेरून दिसावं म्हणून त्याला एक उभी काचेची नळी लावलेली असते. पाणी कमी झालं आणि आग चालूच राहिली, तर बॉयलर फुटू शकतो. मग जवळचा माणूस राहत नाही. म्हणून बॉयलरवाल्यांचा जुना रिवाज आहे. पाळी हातात घेतली की सगळ्यात आधी काच रिकामी करायची. खालचा कॉक, म्हणजे तोटी, उघडून पाणी सोडून द्यायचं, कॉक बंद करायचा आणि पाणी झटकन परत चढतं का ते बघायचं. चढलं तर काच खरं बोलते.

मी तो रिवाज बंद केला होता. उकळतं पाणी अंगावर उडायचं, एका माणसाचं मनगट भाजलं होतं. मी पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बसवला, आकडा कंट्रोल रूममधल्या पडद्यावर आणला आणि बॉयलरशेजारी सूचना लावली: काच रिकामी करण्यास मनाई. मग त्यावरच लेख लिहिला.

तो दोन ठिकाणी पाठवला. एक गुळगुळीत कागदाचं मासिक, सगळ्या कारखान्यांना फुकट येणारं. तिथं माझ्या लेखासमोरच्या पानावर सेन्सरची रंगीत जाहिरात होती. त्यांनी मला एका हॉटेलात बोलावून स्मृतिचिन्ह दिलं. दुसरं सोळा पानी, साध्या कागदाचं. पॉलिटेक्निकमधले माझे एक सर निवृत्त झाल्यावर नल्लकुंट्यातल्या घरातून ते काढतात. त्यात एकही जाहिरात नसते. इंजिनियर, अटेंडंट, फिटर, सगळ्यांना सारखी वर्गणी, आणि तेवढ्यावरच ते चालतं. शेवटची सहा पानं वाचकांची. तेलुगू, हिंदी, इंग्रजी, पत्र येईल तसं छापायचं.

पुढच्या महिन्यात त्या सहा पानांतलं पहिलंच पत्र माझ्यावर होतं. लिहिणारा दुसऱ्या जिल्ह्यातल्या कागद कारखान्यातला बॉयलर अटेंडंट. हिंदीत लिहिलेलं, थोडक्यात असं: मॅडमचा सेन्सर आणि मॅडमची काच एकाच पाइपवर आहेत, लेखातल्या चित्रात दिसतं. तो पाइप क्षारानं बंद झाला तर दोघंही एकच खोटं बोलतील. दोन साक्षीदार एकाच घरात राहत असले तर त्यांना दोन का धरायचं?

मी पत्र तीनदा वाचलं. कानशिलं तापली. रविवारी सकाळी सरांच्या घरी गेले. जेवणाच्या टेबलावर काकू अंकांना पत्त्याच्या चिठ्ठ्या डकवत बसल्या होत्या.

"सर, निदान मला आधी दाखवायचं होतं," मी म्हटलं. "अटेंडंट माणूस. दहावी तरी झालाय का?"

"तुझा लेख छापायच्या आधी मी त्याला दाखवला होता का?" सर म्हणाले.

काकूंनी मान वर केली नाही. "आणि दहावी न झालेल्याची वर्गणी वेळेवर येते हो. इंजिनियरबाईंना दोनदा आठवण करून द्यावी लागली."

"मी खुलासा लिहिते. पुढं छापा, लेख होता तिथं."

"लिही की. मागच्या पानांत येईल, त्याच्या पत्राशेजारी."

मी काही बोलणार तोच त्यांनी एक लिफाफा पुढे सरकवला. सेन्सर विकणाऱ्या कंपनीचा होता. वर्षभर जाहिरातीसाठी मागचं पान घ्यायची तयारी होती त्यांची. "नक्को म्हटलं मी त्यांना," सर म्हणाले. "घेतलं असतं तर हे पत्र छापलं असतं का मी? माझाच मला भरवसा नाही गं." मग चष्मा काढून म्हणाले, "रागव तू. पण काच बघितलीस का?"

"रोज बघते. पाणी अर्ध्यावर असतं. सेन्सरही अर्ध्यावरच दाखवतो."

"अगं, त्यानं तेच तर लिहिलंय."

सोमवारी सकाळी पाळी बदलायच्या वेळी मी बॉयलरपाशी उभी राहिले. आमचे जुने अटेंडंट पाळीवर येत होते. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणते.

"चाचा, काच खाली करो."

"आपइच मना किए ना मॅडम. बोर्ड लगा है."

"करो."

त्यांनी आधी बर्नर बंद केला, हातमोजे चढवले आणि खालचा कॉक उघडला. फुस्स करून वाफ आली, पाणी गेलं. कॉक बंद झाला. पाणी लगेच वर यायला हवं होतं. आलं नाही. मी घड्याळाकडे बघितलं, परत काचेकडे बघितलं. तळाशी एक रेघ दिसली आणि मुंगीच्या चालीनं चढू लागली. कंट्रोल रूममधून फोन आला, पडद्यावरचा आकडाही खाली गेलाय आणि तिथंच बसलाय.

चाचा म्हणाले, "पाइप चोक हुआ. पूरा नहीं, पर हुआ."

बॉयलर थंड व्हायला दुसरा दिवस उजाडला. पाइप उघडला तर आत पांढरा क्षार दगडासारखा बसलेला, मध्ये पेनाची रिफील जेमतेम जाईल एवढं भोक. बॉयलरचं झाकण काढून आत टॉर्च मारला. थंड झाल्यावर पाणी आकसून थोडं खाली बसतं, ते धरूनसुद्धा पाणी काच सांगत होती त्याच्या कितीतरी खाली होतं. धोक्याच्या रेषेच्या बोटभर वर.

मी हत्यारांच्या पेटीवर बसले. समोर भिंतीतल्या फळीवर चाचांचा डबा होता. बॉयलरच्या तोंडासमोर, चार पावलांवर, ते रोज बसून जेवायचे.

"आप मेरेकु बोले क्यूं नहीं?" मी विचारलं.

"बोला था मॅडम. बोर्ड लगाए उस दिन. आप बोले, चाचा, आपका जमाना गया."

मला ते आठवत नव्हतं, आणि ते आठवत नाही याचाच मला जास्त धक्का बसला. चाचांचं तोंडी बोलणं मी हसून विसरले होते. त्या अनोळखी माणसाचं पत्र कारखान्या-कारखान्यांत वाचलं गेलं होतं, म्हणून मला नल्लकुंट्याला धावावं लागलं.

मनाईची सूचना मी स्वतः काढून टाकली. आणि पत्र लिहिलं: पाइप बंद होता, ते अटेंडंट बरोबर होते, मी चुकले. गुळगुळीत मासिकालाही तेच पाठवलं. तिकडून उत्तर आलं, सध्या अंकाचा विषय वेगळा आहे. सरांनी एक शब्द न बदलता छापलं. छापण्याआधी कागद कारखान्यातल्या त्या अटेंडंटला दाखवलं असावं, कारण खालीच त्याचं उत्तर होतं. आभार नव्हते, टोमणाही नव्हता. दोनच प्रश्न होते. मनाईची सूचना किती दिवस होती? आणि तेवढे दिवस पाळीवर कोण कोण होतं?

पहिल्याचं उत्तर मला पाठ होतं. एकशे तीस दिवस. दुसऱ्यासाठी हजेरीचं रजिस्टर काढावं लागलं. सात माणसं निघाली. त्यांतल्या तिघांची पूर्ण नावं मला माहीत नव्हती. मी त्यांची प्रमुख होते. सातही जणांकडे स्वतः गेले, काय झालं होतं ते सांगितलं, नाव छापू का विचारलं. एकानं ऐकून फक्त होकाराची मान हलवली.

उत्तर पुढच्या अंकात मागच्या पानांवर आलं. वडिलांना वाचून दाखवलं. देवाशेजारचा जुना लेख त्यांनी उतरवला.

कारखान्यात चाचांनी अंक उघडला, आपल्या नावाखाली बोट फिरवलं. "स्पेलिंग बराबर है," म्हणाले. मग अंक घडी करून डब्याशेजारी ठेवला, हातमोजे चढवले आणि काच रिकामी केली. आम्ही दोघं पाणी चढेपर्यंत बघत उभे राहिलो.