सकाळी नऊचं पाणी

"एकमताने पास," नाना टेबलावर हात आपटून म्हणाले. एकमत होणारच होतं. हॉलमध्ये नाना, त्यांची चार माणसं, आमचे डेप्युटी साहेब आणि मी, एवढेच होतो.

मी तेव्हा अंबरनाथला पाणीपुरवठ्यात ज्युनियर इंजिनियर होतो. पाणी सगळ्या नळांना एकदम येत नाही, हे लोकांना पटवण्यात माझी अर्धी नोकरी गेली. आमचा व्हॉल्व्हमन चावी फिरवून एकेका भागाला आळीपाळीने पाणी सोडतो. त्याला आम्ही टायमिंग म्हणतो. टायमिंगवरून सख्खे शेजारी बोलणं टाकतात. नवीन लाइन पडली होती, म्हणून सोसायट्या आणि त्यांच्या मागची चाळ यांचं टायमिंग ठरवायला ही मीटिंग होती.

चाळीतलं कोणीच आलं नव्हतं. सोसायटीतल्या नानांना नगरसेवक व्हायचे वेध लागले होते आणि आदल्या रविवारी त्यांनी चौकात भाषण ठोकलं होतं. "ही बाहेरून आलेली घाण आपलं पाणी पिते. हुसकावून लावा यांना." नाना स्वतः साताऱ्याहून आलेले, पण ते आधी आले होते. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला. पोरं बाइक काढून चाळीसमोर शिव्या देत फिरली. सोसायटीवालेही नको ती भानगड म्हणून घरीच बसले.

एरवी चाळीतल्या सविताताई पहिल्या रांगेत बसून माझं डोकं खायच्या. त्या दिवशी त्या दिसल्या नाहीत आणि मला खरंच वाईट वाटलं.

"साहेब, मीटिंग पुढे ढकलू या?" मी हळूच विचारलं.

"नोटीस लावली होती ना?"

"लावली होती."

"झालं तर मग. आता काय गाडी पाठवायची त्यांना आणायला?"

सोसायट्यांना पहाटे, चाळीला सकाळी नऊ. दहा मिनिटांत ठरलं.

टायमिंग सुरू झालं आणि दोन-तीन दिवसांत नानांचा फोन आला. आवाज पार पडलेला.

"साहेब, ते टायमिंग जरा बदला ना."

"एकमताने पास झालंय, नाना."

"अहो, बाई येत नाही. सिंक भरून भांडी ओट्यावर आलीत. बायको माझ्याशी बोलत नाही."

चाळीतल्या बहुतेक बाया सोसायट्यांमध्ये धुणंभांडी, पोळ्या करतात. नऊला पाणी, म्हणजे त्या नऊला नळावर. सगळ्या सोसायट्या वडापाववर आल्या होत्या. नानांच्या घरची बाई म्हणजे सविताताईच. भाषणानंतरही त्या कामाला जात होत्या, कारण पोट होतं.

टायमिंग बदलायला पुन्हा मीटिंग लागणार होती, म्हणून नाना मला घेऊन चाळीत गेले.

"सविताताई, पुन्हा मीटिंग लावतोय. सगळ्यांना घेऊन या."

"मार खायला येऊ? पोरं काय बोलून गेली, ऐकलंत ना?"

"मी सांगतो पोरांना."

"घरात नका सांगू. चौकात माइक लावून बोललात, तर तिथंच माइक लावून सांगा. बाया घाबरल्यात हो नाना. माझी पोरगी क्लासला जात नाहीये."

नाना माझ्याकडे बघायला लागले. मी एका गळक्या जॉइंटची पाहणी सुरू केली.

"मतं जातील माझी," ते पुटपुटले.

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. नाना नुसते "हो, हो, हो" म्हणत होते. संध्याकाळी चौकात माइक लागला. नाना म्हणाले, चुकलो, कोणी चाळीकडे वाकडी नजर टाकायची नाही, मीटिंगला सगळ्यांनी यायचं. भाषण फारच छोटं झालं. त्याचा व्हिडिओ मात्र पहिल्याहून जास्त फिरला.

पुढची मीटिंग दोन तास चालली. खुर्च्या पुरल्या नाहीत. सविताताईंनी माझा नकाशा उलटा धरून मलाच झापलं. शेवटी सोसायटीतले एक आजोबा उठले. "आमच्याकडे टाक्या आहेत, आम्हाला दुपारीही चालेल. पहाटेचं चाळीला द्या." यावरही अर्धा तास भांडण झालं आणि मग ठरलं.

"काय हा गोंधळ," बाहेर पडताना डेप्युटी साहेब कपाळ चोळत म्हणाले. "मागची मीटिंग कशी छान झाली होती."

त्यानंतर रिटायर होईपर्यंत, मीटिंग छान चाललीये असं वाटलं की मी आधी बघून घ्यायचो, आलं कोण नाही.